ख्रिस्ती वादग्रंथांतील पूर्वपक्ष : कोंकणपट्टींतील चार साधनांचें परीक्षण

ख्रिस्ती धर्म आणि मतस्वातंत्र्य यांच्या संबंधाविषयीं आपल्याकडे दोन विधानें वारंवार केलीं जातात. एक असें कीं, परमतास पीडा देणें हा या धर्माचा स्वभावच असून गोव्याचें इन्क्विझिशन हें त्याचें प्रत्यक्ष प्रमाण होय. दुसरें असें कीं, छापखाना, वर्तमानपत्र आणि उघड सभेंतील वाद या गोष्टी मिशनऱ्यांच्या पाठोपाठ आल्या, अतएव विचारस्वातंत्र्य ही त्यांचीच देणगी समजली पाहिजे. हीं विधानें करणारे बहुधा मूळ साधनांच्या वाटेस जात नाहींत. इतिहाससंशोधकानें एखाद्या धर्माच्या स्वभावाविषयीं निवाडा देण्याच्या भरीस पडूं नये. त्याच्यापुढें कागद असतो, आणि कागद ज्याचें उत्तर देऊं शकेल असाच प्रश्न त्यानें कागदास विचारावा. प्रस्तुत लेखांत तो प्रश्न एवढाच घेतला आहे : परधर्मीयांशीं झालेल्या वादाची हकीकत लिहून ठेवणाऱ्या ख्रिस्ती लेखकांनीं प्रतिपक्षाचें म्हणणें कितपत राखलें?

हा प्रश्न आपल्या परंपरेस परका नाहीं. आपले भाष्यकार सिद्धांत सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडतात. आणि पूर्वपक्ष दुबळा करून मांडणाऱ्या पंडितास विद्वत्सभेंत मान मिळत नसे. हाच दंडक ख्रिस्ती वादग्रंथांस लावला असतां तीन कसोट्या हातीं येतात. प्रतिपक्षाचें वचन अखंड दिलें आहे काय? तें त्याच्याच भाषेंत आहे काय? आणि ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्यास उत्तर देण्याची प्रतिपक्षास मोकळीक होती काय?

परीक्षणाचें क्षेत्र कोंकणपट्टीचें असलें, तरी त्याचें प्रयोजन शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांशीं निगडित आहे. ठाणें, सोपारें व कल्याण या जुन्या बंदरांतून देशावर जाणारे दोन मोठे मार्ग याच तालुक्यांतून चढतात : एक शहापुरावरून कसाऱ्यास व थळघाटानें नाशिकाकडे, दुसरा मुरबाडावरून नाणे व माळशेज घाटांनीं जुन्नराकडे. वाद झाले ते बंदरांत. परंतु त्यांचीं पुस्तकें पसरलीं तीं अशा वाटांनीं. समुद्रकिनाऱ्यावरील प्रसिद्ध वाद १८५७ सालीं झाला तेव्हां लोहमार्ग शहापूर तालुक्यांतील वासिंदपर्यंत येऊन पोंचला होता व १८६१ सालीं तो कसाऱ्यास गेला. या मार्गांवरील घरांतून जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांस या चार साधनांच्या तुलनेचा उपयोग व्हावा, हा हेतु आहे.

१. ठाणें, १३२१

पहिलें साधन फ्रान्सिस्कन साधु ओदोरिक याचें प्रवासवृत्त होय. इ. स. १३२१ च्या एप्रिलांत टोलेंटिनोचा थॉमस, पादुवाचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा दुभाषी दिमित्रियस हे चौघे ठाण्यास मारले गेले. ओदोरिक थोड्याच काळानें तेथें आला, त्यानें त्यांच्या अस्थि पुढें चीन देशास नेल्या, आणि १३३० सालीं पादुवा येथें आपला वृत्तांत सांगून लिहविला. म्हणजे ही हकीकत ऐकीव आहे आणि एकाच पक्षाची आहे. तथापि ती बारकाईनें वाचली असतां लिहिणाऱ्याच्या हेतूपलीकडच्या गोष्टी सांगते.

ओदोरिकाच्या म्हणण्याप्रमाणें त्या वेळीं ठाण्यांत नेस्तोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं. हे साधु त्यांपैकीं एका घरीं उतरले होते. तेथें नवराबायकोंत भांडण होऊन नवऱ्यानें बायकोस मारलें. तिनें काजीकडे फिर्याद केली. साक्षीकरितां साधूंस बोलावणें आलें. साक्ष राहिली बाजूला आणि धर्मचर्चा सुरू झाली. साधूंनीं ख्रिस्ताविषयीं आपलें मत सांगितलें. मग काजीनें त्यांस महंमद पैगंबरांविषयीं तुमचें मत काय, असें विचारलें. प्रथम त्यांनीं उत्तर टाळलें. पुनः पुनः आग्रह झाल्यावर थॉमसानें फार कठोर शब्द उच्चारले, आणि तेथून पुढील अनर्थ ओढवला.

या प्रसंगाचा उल्लेख करणारे कोणी थॉमसाच्या धैर्याचें वर्णन करितात, कोणी त्याच्या जिभेस दोष देतात. दोघांचेंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतें. चर्चा मोडली ती साधूंनीं स्वमत सांगितलें तेव्हां नव्हे. परमताविषयीं त्यांच्याकडून उत्तर वदवून घेतलें तेव्हां मोडली. बोलण्याच्या मोकळिकींत न बोलण्याची मोकळीकही अंतर्भूत असते. ती काढून घेतली म्हणजे प्रश्न हा प्रश्न राहत नाहीं, तो सापळा होतो. युरोपांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयेंही पाखंडाच्या संशयितांस असेच प्रश्न घालीत, हें येथें स्मरणांत ठेवणें अवश्य आहे.

दुसरें असें कीं, याच हकीकतींत सहिष्णुतेचाही पुरावा आहे, परंतु लेखकास त्याचें मोल वाटत नाहीं. त्या पंधरा नेस्तोरियन घरांस तो पाखंडी म्हणून बाजूस सारतो. वास्तविक मुसलमानी अंमलाखालीं, बहुसंख्य हिंदूंच्या शेजारीं, निराळें मत धरून तीं घरें नांदत होतीं, आणि तेथील स्त्री आपल्या नवऱ्याविरुद्ध काजीकडे दाद मागूं शकत होती. ठाण्याचा मलिक प्रथम साधूंस सोडून देऊन खाडीपलीकडे जाऊं देतो, मग काजीच्या आग्रहानें मारेकरी पाठवितो. आणि दिल्लीच्या बादशहानें या कृत्याबद्दल मलिकास देहान्त शासन केलें, असेंही ओदोरिक सांगतो. परंतु काजीचें स्वतःचें म्हणणें, त्याचीं प्रमाणें, त्याची भीति, यांपैकीं कांहींच आपणांपर्यंत आलेलें नाहीं. तिन्ही कसोट्यांस हें साधन उतरत नाहीं. तें श्रद्धेचा लेख म्हणून वाचावें. वादाचा लेख म्हणून तें अर्धेंच आहे.

हे मृत देह सोपाऱ्यास पुरले गेले. आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या त्याच सोपाऱ्यांत १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला. परमताची निंदा न करितां वाणीस आवर घालावा, असें सांगणारें त्या राजाचें बारावें शासन गिरनार आदि ठिकाणीं वाचावयास मिळतें. पंधराशें वर्षांच्या अंतरानें एकाच बंदराशीं या दोन गोष्टी जोडल्या जाव्या, हा केवळ योगायोग खरा; परंतु ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

२. राचोल, १६१६

दुसरें साधन फादर तोमास स्तीफन्स यांचें ख्रिस्तपुराण. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं वारले. त्यांचें पुराण रोमन लिपींत १६१६ सालीं राचोल येथें छापलें. पुढें १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकीं एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. त्यांच्या आधारें १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळुरास तो छापला. देवनागरी हस्तलिखित मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडनास गेलें आहे.

ग्रंथाच्या भाषेची गोडी सर्वमान्य आहे. येथें प्रश्न पूर्वपक्षाचा आहे. पुराणाची रचना संवादरूप आहे : श्रोते शंका विचारतात, पाद्री गुरु निरसन करितात. वरवर पाहतां पूर्वपक्षास येथें जागा मिळाली असें वाटतें. परंतु हे श्रोते बाप्तिस्मा घेतलेले आहेत, आणि त्यांच्या शंका गुरूनेंच त्यांच्या तोंडीं घातल्या आहेत. ज्याचें समाधान होणारच आहे अशा शंकेस पूर्वपक्ष म्हणतां येत नाहीं. आणि ज्या साष्टी महालांत हें पुराण गाइलें गेलें (ही गोव्याची साष्टी, ठाण्याची नव्हे) तेथें देवळें १५६७ सालींच पाडलीं गेलीं होतीं. गोव्याचें इन्क्विझिशन १५६० सालीं स्थापन झालें तें मध्यंतरीं चार वर्षांचा खंड सोडतां १८१२ पर्यंत चाललें, आणि १६८४ च्या फर्मानानें लोकभाषेच्या वापरावरच बंदी आली. अशा स्थितींत उत्तराचा ग्रंथ निघणें अशक्य होतें.

तथापि न्यायाकरितां एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रतिपक्ष खोडून काढावयाचा तर तो जाणला पाहिजे, या हेतूनें गोव्यांतील जेझुइटांनीं हिंदु कथाग्रंथ रोमन लिपींत उतरून घेतले. त्यांच्या प्रती पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत असून प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं त्यांकडे मराठी अभ्यासकांचें लक्ष वेधलें. सोळाव्या शतकांतील कोंकणी गद्य आपणांस ज्ञात आहे तें मुख्यतः या बंदिवान ग्रंथांमुळें. ज्यांनीं मूळ पोथ्या नाहींशा केल्या त्यांच्याच कपाटांत त्यांचे अवशेष राहिले. परंतु हें राखणें सहिष्णुतेचें नव्हे. शत्रूच्या गडाचा नकाशा जपून ठेवणें आणि शत्रूस सभेंत बोलूं देणें यांत अंतर आहे.

३. मुंबई, १८१३ ते १८३४

तिसऱ्या साधनाकडे वळतांना राजकीय स्थिति पालटलेली दिसते. कंपनी सरकार व्यापार बिघडेल म्हणून मिशनऱ्यांस दूर ठेवूं पाहत होतें. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हां त्यांस परत जाण्याचा हुकूम झाला. त्यांनीं गव्हर्नर सर ईव्हन नेपियन यांजकडे सदसद्विवेकबुद्धीच्या नांवानें अर्ज केले, आणि १८१३ च्या अखेरीस त्यांस राहण्याची मुभा मिळाली. ख्रिस्ती प्रचारकानें ख्रिस्ती सरकारापुढें मतस्वातंत्र्याचें मागणें मांडावें, हा प्रसंग लक्षणीय आहे. हॉल पुढें १८२६ सालीं नाशिक प्रांतांत दौऱ्यावर असतां पटकीनें वारले. जें स्वातंत्र्य या लोकांनीं स्वतःकरितां मागितलें तें त्यांच्या मागून आलेल्यांनीं प्रतिपक्षास दिलें काय, ही खरी परीक्षा होय.

स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. १८३१ सालीं त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशीं उघड वाद झाला. त्यावर मोरभटांनीं हिंदुधर्मस्थापना हें लहान पुस्तक छापलें. विल्सन यांनीं १८३२ सालीं इंग्रजींत उत्तर प्रसिद्ध केलें. त्या उत्तराचें नांव कठोर आहे. हिंदु धर्माचा उघड केलेला दोष, असा त्याचा आशय. आंतील भाषाही मवाळ नाहीं. परंतु त्या पुस्तकाच्या आरंभीं विल्सन यांनीं मोरभटांच्या पुस्तकाचें भाषांतर जोडलें आहे. वाचक प्रथम भटजींचें म्हणणें वाचतो, मग पाद्र्याचें. पुढें साताऱ्याच्या नारायणराव यांनीं विल्सन यांस उत्तर दिलें, आणि त्याचें प्रत्युत्तर १८३४ सालीं निघालें.

येथें स्तीफन्स व विल्सन यांची तुलना उद्बोधक आहे. स्तीफन्स यांची वाणी मधुर, विल्सन यांची कडवट. परंतु पहिल्या ग्रंथांत प्रतिपक्ष नाहीं, दुसऱ्यांत तो पहिल्या पानापासून उभा आहे. सहिष्णुता म्हणजे सौम्य भाषा, ही समजूत या तुलनेनें ढासळते. गोड बोलून प्रतिपक्षाचें तोंड बंद ठेवतां येतें, आणि कडक बोलूनही त्याचें पान राखतां येतें. इतिहासाच्या दृष्टीनें दुसरें श्रेयस्कर होय, कारण त्यायोगें पुढील पिढीस स्वतः निर्णय करितां येतो.

दोष नाहींत असें नाहीं. मोरभटांचें मराठी विल्सन यांच्या पुस्तकांत इंग्रजी होऊन येतें, आणि ज्यास खोडून काढावयाचें आहे त्याचें भाषांतर खोडणाऱ्याच्या हातून आलेलें आहे. म्हणून मूळ मराठी पुस्तक शेजारीं ठेवून वाचल्यावांचून या साधनावर विसंबूं नये.

४. समुद्रकिनारा, १८५७

चौथें साधन विष्णुबोवा ब्रह्मचारी यांच्या वादाचें. विष्णु भिकाजी गोखले हे १८२५ सालीं कुलाबा जिल्ह्यांत शिरवली येथें जन्मले. तारुण्यांत त्यांनीं जकातखात्यांत नोकरी केली, मग ती सोडून सप्तशृंगीस तप केलें. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं त्यांच्या वादसभा झाल्या. मीरतेस १० मे रोजीं बंडाचा भडका उडाल्यानंतरही या सभा कांहीं दिवस चालू होत्या, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या सभांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानें त्याच सालीं इंग्रजी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. विष्णुबोवांचे आक्षेप त्यांत प्रत्येक सभेच्या क्रमानें येतात; ते वगळलेले नाहींत. तथापि वाद मराठींत, वृत्तांत इंग्रजींत. बोलणारा एक, संक्षेप करणारा दुसरा, आणि तो प्रतिवादी. पहिली कसोटी येथें अंशतः उतरते, दुसरी उतरत नाहीं. तिसरी मात्र पूर्णपणें उतरते : १८५९ सालीं विष्णुबोवांचा वेदोक्तधर्मप्रकाश निघाला, आणि १८७१ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांची वाणी व लेखणी कोणी बंद केली नाहीं. राज्यकर्त्यांचा धर्म व एका वादीचा धर्म एकच असतां ही मोकळीक समान होती असें म्हणवत नाहीं. पण ती होती.

या जोडीस, वाद जेव्हां एकाच माणसाच्या अंतःकरणांत होतो तेव्हांचीं साधनेंही लक्षांत घ्यावीं. बाबा पदमनजी यांचें अरुणोदय व लक्ष्मीबाई टिळक यांचीं स्मृतिचित्रें हीं त्या जातीचीं होत. ज्यांच्या बालपणाचा कांहीं काळ कल्याणास गेला त्या नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं पांच वर्षांनीं. आपण ख्रिस्ती नव्हतों तेव्हां आपणांस काय वाटे, नवऱ्याच्या धर्मांतरानें घरावर कोणता प्रसंग ओढवला, आपलें सोंवळें कसें होतें, हें त्यांनीं ख्रिस्ती झाल्यावर तिळमात्र न लपवितां सांगितलें. आपल्याच जुन्या मतास पूर्वपक्षाचा मान देणें, हें परकीयास देण्याहून कठीण आहे.

५. ख्रिस्ती आधार

हा दंडक ख्रिस्ती लेखकांस बाहेरून लावला, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. परंतु तो त्यांच्याच शास्त्रांत आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही दशाज्ञांपैकीं एक आज्ञा आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें मोडतोड करून सांगणें ही खोटी साक्षच होय. गहूं व निदण यांच्या दृष्टांतांत कापणीच्या वेळेपर्यंत दोन्ही एकत्र वाढूं द्यावीं, असा धन्याचा हुकूम आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांतील पांचव्या अध्यायांत ख्रिस्ताच्या शिष्यांस सोडून द्यावें, त्यांचें कार्य मनुष्याचें असेल तर तें आपोआप मोडेल, असा सल्ला देणारा गमलियेल हा ख्रिस्ती नाहीं; तो परूशी आहे. म्हणजे या शास्त्रांतील सहनशीलतेचा एक उत्तम उपदेश प्रतिपक्षाच्या तोंडचा असून शास्त्रकारानें तो जपून ठेविला आहे. पूर्वपक्ष राखण्याचें याहून मोठें उदाहरण ख्रिस्ती ग्रंथकारास हवें असूं नये.

युरोपांतही हा धागा तुटला व पुनः जोडला गेला. १५५३ सालीं जिनीव्हा येथें सर्व्हेटस यास मतभेदाबद्दल जिवंत जाळलें. कॅल्व्हिननें त्याचें समर्थन लिहिलें. सेबास्तियन कास्तेल्यो यानें त्यास उत्तर लिहितांना कॅल्व्हिनचीं वचनें एकेक घेऊन त्यांखालीं आपलें उत्तर मांडलें. तो ग्रंथ छापला गेला १६१२ सालीं, कर्ता वारल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं, आणि राचोलचें पुराण छापलें त्याच्या अवघीं चार वर्षें आधीं. धर्माच्या बाबतींत कोणावरही जबरदस्ती होऊं नये, हें तत्त्व रोमन कॅथलिक चर्चनें ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रानें स्पष्ट शब्दांत मान्य केलें. तत्त्व जुनें, अंमल उशिरा, असें या इतिहासाचें सार आहे.

६. संग्राहकांस विनंती

वरील परीक्षणाचा निष्कर्ष संग्राहकांवरही एक जबाबदारी टाकतो. आपण पोथ्या, सनदा, महजर, वंशावळी गोळा करितों, आणि दप्तरांत एखादें मिशनचें चोपडें किंवा खंडनाचें लहान पुस्तक निघालें तर बहुधा तें रद्दींत घालतों. कारण तें छापील असतें, फाटलेलें असतें, आणि आपल्या देवतांविषयीं त्यांत वाईट लिहिलेलें असतें. याच्या उलट, ख्रिस्ती घरांतून वा मिशनच्या कपाटांतून हिंदु बाजूचीं चोपडीं जाऊं शकतात. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते : प्रत्येक जण आपला सिद्धांत ठेवतो आणि पूर्वपक्ष फेकतो. मग शंभर वर्षांनीं विल्सन यांचें उत्तर मिळतें, मोरभटांचें मूळ मिळत नाहीं. अथवा याच्या उलट होतें.

म्हणून शहापूर व मुरबाड तालुक्यांत, विशेषतः घाटमार्गांवरील जुन्या गांवांत, शोध करणाऱ्यांनीं चार गोष्टी पाळाव्या. धर्मवादाचें प्रत्येक छापील चोपडें पोथीइतक्याच आस्थेनें राखावें. तें कोणत्या बाडांत, कोणत्या कागदांशेजारीं सांपडलें याची नोंद करावी व बांधलेलें बाड सोडूं नये. दोन विरुद्ध पक्षांचीं पुस्तकें एकत्र बांधलेलीं आढळलीं तर तें बांधणेंच एक पुरावा आहे. समासांतील हस्ताक्षराची टीप, मग ती शिवी कां असेना, उतरून घ्यावी, कारण खेड्यांतील वाचकाचें उत्तर बहुधा तेथेंच असतें. आणि यादी करितांना पुस्तकास निंदात्मक, पाखंडी, विषारी असें कोणतेंही विशेषण न लावतां नांव, कर्ता, साल, छापखाना एवढेंच लिहावें.

ज्या पुस्तकानें आपलें मन दुखावतें तें राखणें कठीण आहे, हें मान्य. परंतु गोव्यांतील जाळपोळीबद्दल आपण दुसऱ्यास दोष देतों तेव्हां आपल्या कपाटांत प्रतिपक्षाचें पान आहे कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. ठाण्याच्या काजीचें म्हणणें गेलें तें कायमचें गेलें. मोरभटांचें म्हणणें राहिलें, कारण त्यांच्या विरोधकानें तें आपल्या पुस्तकाच्या आरंभीं छापलें. संशोधकानें कोणाचा कित्ता गिरवावा, हें निराळें सांगावयास नको.